मागच्या दाराची वही

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

रात्री दोन चाळीसला मागच्या दाराची कडी वाजली. वाऱ्यानं वाजते तशी नाही. वाऱ्यानं ती एकदा खणकन वाजते आणि गप्प होते. ही हळू, थांबून थांबून वाजत होती. बाहेरून दार दाबून बघायचं, सोडायचं, परत दाबायचं, असं. मी ह्यांचा दंड धरला. हे जागेच होते. कानाशी म्हणाले, "ऐकायलोय मी. हलू नको."

हे अनवाणी स्वयंपाकघरात गेले आणि परसातला दिवा लावला. त्याबरोबर कुणीतरी पळालं. आधी न्हाणीघराचा पत्रा दणाणला, मग बोळात उडी पडली, मग काहीच नाही. मी ११२ ला फोन लावला. दोन पोलीस मोटारसायकलवरून आले. बॅटरी मारून भिंत, पत्रा, बोळ सगळं बघितलं. भिंतीवर चिखलाचा अर्धा पाय उमटलेला होता. काही गेलेलं नाही. त्यातले वयानं मोठे होते ते जाताना म्हणाले, "ताई, दार बघून घ्या. कोयंडा हातात यायला लागलाय."

उजाडल्यावर बघितलं. कोयंड्याचे चार स्क्रू, त्यातले दोन उंबऱ्याच्या आत पडलेले. तिसरा बोटानं निघाला. चौथ्यावर दार उभं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना सांगते, प्रयोग डोक्यात ठेवायचा नाही, वहीत उतरवायचा. म्हणून ही वही केली.

उद्देश: २९ ऑक्टोबरला घराला कुलूप लावून दोघांनी निघणे, आणि गेल्यावर मन घरात न राहणे.

हंपीची तिकिटं ३० ऑगस्टलाच काढली आहेत, गणपती घरात बसलेले असताना. हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून मागच्या वर्षी निवृत्त झाले. एकतीस वर्षं फिटर म्हणून गाड्यांखाली गेली, त्यात आम्ही दोघं मिळून गाव सोडून गेलो ते लग्नाकार्याला नाहीतर दवाखान्याला. ही पहिली सहल. आज सकाळी मी म्हणाले, तिकिटं रद्द करा. हे म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांब. रद्द करायला काय, स्लीपरचे माणशी १२० रुपये कापतात, दोन दिवस आधीपर्यंत कधीही. आधी दार बघू."

११ सप्टेंबर

दार बघितलं. दाराला काही झालेलं नाही, गेली आहे ती चौकट.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. आजेसासऱ्यांच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, त्यात आमच्याकडं आलेले दोन खण आणि मागचं परस. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन फुटांवर गेली, तेव्हा ह्या घरात माझ्या छातीएवढं पाणी होतं. धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. पाणी उतरल्यावर आम्ही भिंती धुतल्या, भांडी धुतली, गाळ उपसला. दोन महिन्यांनी चौकट वरून कोरडी दिसायला लागली, म्हणून तिला ऑइल पेंट मारला. चूक तिथं झाली आणि ती माझी. रंगाची घाई मला होती, दिवाळी आली होती.

लाकडात उभ्या बारीक नळ्या असतात. चौकटीच्या पायाशी त्या नळ्यांची तोंडं उघडी. पाणी त्यातून केशाकर्षणानं वर चढतं, जसं वातीत तेल चढतं. आम्ही बाहेरून रंग मारून त्या पाण्याची वाट बंद केली. ते आत कोंडलं. २०२१ ला परत पूर आला, परत पाणी चढलं. हे काम सहा वर्षं रंगाच्या आड चाललं होतं. आज ह्यांनी स्क्रूड्रायव्हर पायाशी टोचला तर तो मुठीपर्यंत गेला. लाकूड बाहेर आलं ते ओल्या भुस्स्यासारखं, वास शेवाळाचा. कोयंड्याच्या उंचीवर एवढं वाईट नव्हतं, पण स्क्रू गंजून बारीक झालेले आणि भोकं सैल. वर्गात केशाकर्षण शिकवताना मी काचेच्या नळीत लाल शाई चढवून दाखवते. इतकी वर्षं दाखवतेय. घरातली चौकट काही डोळ्यापुढं आली नाही.

१२ सप्टेंबर

झोप नाही. दोन चाळीसला जाग. सगळं शांत होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

घर सल्ल्यांनी भरलं. समोरचे अण्णा म्हणाले लोखंडी दार बसवा. माझा भाऊ म्हणाला परसच पुरं ग्रिलनं बंद करून टाक, वरून पण. वेल्डिंगवाला मापं घेऊन गेला. शेजारच्या काकू आल्या, चहा घेतला, म्हणाल्या, "अगं, आपल्या सांगलीत चोर म्हणजे गणपती. चतुर्थीच्या आधी गुपचूप येतो तो. बाकीच्यांना कशाला भ्यायचं?" आणि मग माझ्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत बसल्या. त्याही त्या रात्रीपासून झोपलेल्या नाहीत, हे त्यांच्या डोळ्यांकडं बघून कळत होतं.

रात्री मी ह्यांना म्हणाले, ग्रिलला माझा नकार आहे. कारण लिहून ठेवते, पुढं कुणी विचारलं तर. २०१९ ला समोरच्या रस्त्यावर ओढ होती, होडी तिकडून लागेना. आम्ही मागच्या दारानं निघालो. सासूबाईंना खुर्चीत बसवून ह्यांनी आणि अण्णांच्या मुलानं परसातून बोळात नेलं, बोळात होडी उभी होती. त्या दिवशी परसावर ग्रिल असतं तर? चोर कधीतरी येतो. पाण्याचा भरवसा नाही, ते दोन वर्षांत दोनदा आलं. गावभागातलं मागचं दार आतून एका हातानं उघडायलाच पाहिजे, अंधारात, कुलपाची किल्ली न शोधता.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पटलं. वेल्डिंगवाल्याला नको म्हणून सांगतो."

१५ सप्टेंबर

सुतार येऊन गेले. पूर्ण चौकट काढली तर भिंत सुटेल, भिंत पांढऱ्या मातीची आहे. खालचा दीड फूट भाग दोन्हीकडून कापून सागवानाचा तुकडा सांध्यानं जोडायचा. पायाशी लाकूड जमिनीला टेकू द्यायचं नाही, खाली दगडाची बैठक. ठरलं. सागवान १,४०० रुपये, मजुरी दोन दिवसांची. तोपर्यंत दाराला आतून पलंग लावून झोपतो.

१७ सप्टेंबर

आज आठवी रात्र. दोन चाळीस म्हणजे दोन चाळीसच. शरीरानं वेळ पाठ केलीय. जाग आली की कान बाहेर जातात आणि प्रत्येक आवाज माणसाचा वाटतो. मग मी तेच केलं जे वर्गात करते. उठून दिवा लावला, ही वही घेतली आणि मागच्या पानावर 'आवाज' असं शीर्षक घातलं. आवाज ऐकला की वेळ लिहायची, आणि सकाळी त्याचं कारण शोधायचं. कारण सापडेपर्यंत पुढं प्रश्नचिन्ह.

हे कुशीवर वळून बघत होते. म्हणाले, "लिही. मी पण सांगतो ऐकू येईल ते."

२० सप्टेंबर

आवाजांची यादी अकरापर्यंत गेली.

पत्र्याचा 'टक्क' हा दिवसभर ऊन असेल तर रात्री नऊ ते अकरा येतो, ढगाळ दिवशी येत नाही. तापलेला पत्रा गार होताना आकसतो, खिळ्यापाशी अडतो आणि सुटतो. नारळाची झावळी भिंतीला घासते. मांजर पत्र्यावरून चार पावलं टाकतं, थांबतं, मग उडी. टाकीचा बॉल वॉल्व्ह बंद होताना गुरगुरतो. फ्रिज थांबताना वरचा डबा थरथरतो, डबा हलवला, आवाज गेला. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी हवा फुसफुसते. शेजारच्या काकांचा खोकला, तीनदा, मग तांब्या ठेवल्याचा आवाज.

एक सुटत नाही. क्रमांक आठ. साधारण एक ते तीनच्या मध्ये, परसाच्या बाजूनं, कोरडं काहीतरी पडल्यासारखा. रोज नाही.

२३ सप्टेंबर

काल घटस्थापना. शाळा, देवीचं, स्वयंपाक. सुतार आले नाहीत.

२७ सप्टेंबर, शनिवार

सुतारकाम झालं. ते लिहायचं आहे मला सविस्तर.

करवतीनं कुजका भाग सुटून खाली पडला तेव्हा तो तुकडा मी हातात घेतला. वजन काहीच नाही, पाव ठेवल्यासारखं. वरची रंगाची कात मात्र जशीच्या तशी, चकचकीत. सुतारांनी जुन्या लाकडाला अर्ध्या जाडीची खाच पाडली, नव्या तुकड्याला तशीच उलटी खाच, दोन्ही एकमेकांवर बसवून बघितली. बसेना. पटाशीनं कागदाएवढा पापुद्रा काढला. परत बसवली. परत काढला. पाच वेळा. सहाव्या वेळी मुठीनं हलकं ठोकलं आणि सांधा 'पुक' करून बसला, आतली हवा निघाली. मग फेविकॉल आणि दोन खुंट्या.

कोयंडा आता स्क्रूवर नाही. ह्यांनी चौकटीतून आरपार भोक पाडून नट-बोल्ट घातले. बाहेरच्या बाजूला बोल्टचं गोल डोकं येतं, त्याला पाना लागत नाही. नट आतून. वर्कशॉपमधली सवय. स्क्रू लाकडाच्या जिवावर धरतो, लाकूड गेलं की तोही गेला. बोल्ट दोन्हीकडून लोखंडावर धरतो. कडीच्या जोडीला एक अल्ड्रॉप, म्हणजे आडवा सरकणारा लोखंडी दांडा, तोही बोल्टनं. आणि रंग नाही. लाकडाला फक्त जवसाचं तेल, दरवर्षी पुसायचं. लाकूड ओलं झालं तरी त्याला सुकता आलं पाहिजे.

पुढच्या दाराची एक गोष्ट आजच सापडली. दारामागच्या भिंतीत एक चौकोनी खाच आहे, तिच्यावर फळी ठोकलेली होती. लग्न होऊन आल्यापासून मी ती बघतेय, तिच्यावर कॅलेंडर असतं. ह्यांनी फळी काढली. आगळीची खाच! जुन्या वाड्यांना असायची तशी. भिंतीत हातभर खोल बोगदा, त्यात लाकडी आगळ सरकवून ठेवायची, रात्री ओढून दारामागं आडवी घ्यायची. आगळ कुणीतरी कधीच सरपणाला घातली असणार. बोगद्यात गाळ होता. मी उलथन्यानं काढला. सुकून वड्या झालेल्या, आणि प्रत्येक वडी मोडली की आत थर, वर्खासारखे. जाड थर, बारीक थर, परत जाड. पाणी चढलं, थांबलं, निवळलं, पुन्हा चढलं, सगळं त्या दोन बोटं जाडीच्या मातीत. एक वडी मी शाळेत न्यायला डबीत ठेवलीय.

सुतारांना नवी आगळ सांगितली. बाभळीची.

३० सप्टेंबर

आज तिकिटांचा निर्णय घ्यायचा होता. मी म्हणाले, राहू दे. ह्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त मोबाईलमधून तिकिटाचा फोटो काढून कागदावर छापून आणला आणि देवघरात ठेवला.

२ ऑक्टोबर, दसरा

ड्रिल मशीन, पाने, पटाशी, माझं डस्टर आणि खडू, सगळ्यांवर झेंडू. सुतारांनी सकाळीच आगळ आणून दिली, तिलाही हळदकुंकू. रात्री पहिल्यांदा ओढली. भिंतीतून निघताना तिचा आवाज मोठ्या जात्यासारखा येतो. यादीत क्रमांक बारा.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवे आणि कॅमेरे. ह्यावर आमचे मतभेद झाले, ते लिहिते.

परसातला सेन्सरचा दिवा ६०० रुपयांचा, माझ्या मते ह्या सगळ्यातला सगळ्यात कामाचा. माणसाच्या अंगातून उष्णतेची अवरक्त किरणं निघतात, ती हलली की हा दिवा लागतो. मांजराच्या अंगातूनही निघतात, त्यामुळं पहिल्या रात्री तो सात वेळा लागला. ह्यांनी त्याचं तोंड थोडं वर केलं, आता मांजर खालून जातं.

ह्यांना चार कॅमेरे हवे होते. मी म्हणाले, कॅमेरा दाखवतो, थांबवत नाही. हंपीत बसून मला चोर दिसला तर मी तिथून काय करणार? हे म्हणाले, काकूंना फोन करशील. हे खरं होतं. दोन घेतले, एक पुढं, एक मागं. मागचा पांढऱ्या भिंतीजवळ बसवला तर रात्री चित्र नुसतं पांढरं फटक, कॅमेऱ्याचाच अवरक्त उजेड भिंतीवरून परत येऊन त्याच्याच डोळ्यात जातो. दीड फूट पुढं घेतला. दोन रात्रींनी चित्रावर एक जाड दोर हलताना दिसला. कोळ्यानं काचेसमोर जाळं केलं होतं. किडे उजेडाकडं येतात, कोळी किड्यांकडं. आता आठवड्यातून एकदा कुंचा मारायचा, कामाच्या यादीत घातलंय.

पण क्रमांक आठचा उलगडा ह्याच कॅमेऱ्यानं केला. रात्री एक पन्नासला वटवाघूळ आलं, नारळाच्या मागच्या बदामाच्या झाडाला लटकलं आणि अर्धं खाल्लेलं बदामाचं फळ पत्र्याच्या कडेला टाकून गेलं. मी सकाळी सहा अशी फळं वेचली, सगळ्यांवर दातांच्या खुणा. शाळेत घेऊन गेले. बी कसं पसरतं ह्यावर आठवीचा आख्खा तास झाला.

११ ऑक्टोबर

चाचणी: नरसोबावाडीला एक रात्र मुक्काम. दर्शन छान झालं, संगमावर दोघं बराच वेळ बसलो. चाचणी मात्र फसली. रात्री अकराला मोबाईलवर दोन्ही कॅमेरे बंद. मी काकूंना फोन केला, त्या झोपेतून उठून बघून आल्या. लाईट गेली होती. कॅमेरे इन्व्हर्टरवर होते, इंटरनेटचा डबा नव्हता. पहाटे चारला मी परत फोन लावणार होते, ह्यांनी माझ्या हातातून मोबाईल हळूच काढून घेतला.

घरी येऊन पहिलं काम ते केलं. डबा इन्व्हर्टरवर.

१९ ऑक्टोबर

फराळ. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्र सोडून. आकाशकंदील ह्यांनी घरीच केला, बांबूच्या काड्यांचा.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. दोन चाळीसची जाग आता रोज येत नाही. ह्या आठवड्यात दोनदा.

घर बंद आहे हे बाहेरच्याला कशावरून कळतं, ते मी एका कागदावर लिहून काढलं. दारावर दिसणारं कुलूप. पेपर पडलेला. दुधाची पिशवी. दोरीवर काहीच नाही. संध्याकाळी अंधार. आणि आपल्याकडं सगळ्यात मोठी खूण, दारात सडा नाही, रांगोळी नाही. पेपर आणि दूध पाच दिवस बंद केलं. पुढच्या दाराला आतून आगळ, मागून बाहेर पडायचं आणि कुलूप मागच्या दाराला. आकाशकंदिलाला टायमर, साडेसहा ते अकरा. काकूंकडं किल्ली दिली. त्यांना एवढंच म्हणाले, तुळशीला पाणी घाला.

सोशल मीडियावर जायच्या आधी एक शब्द टाकायचा नाही, फोटो परत आल्यावर. भाचीला हे सांगितलं तर तिला नवल वाटलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार. मिरज ते होसपेट

सकाळी गॅस बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, देवापुढची वात निवू दिली. हे दार ओढून उभे राहिले, मी कोयंड्यावर हात ठेवला. बोल्टची डोकी गार होती.

दुपारी मिरजेहून हरिप्रिया. कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी ही गाडी आमच्या भागातल्या लोकांना बालाजीसाठी माहीत, आमच्या डब्यातली निम्मी माणसं तिकडंच निघालेली. बेळगावपर्यंत मी चार वेळा मोबाईल बघितला. धारवाड, हुबळीनंतर कमी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग. समोरच्या आजींनी चिरोटे दिले. कोप्पळ गेलं तेव्हा बाहेर अंधार आणि खिडकीत आमचीच तोंडं. ह्यांनी एकतीस वर्षं गाड्या दुरुस्त करून लोकांना प्रवासाला पाठवलं. आज हे खिडकीशी बसले होते आणि प्रत्येक पुलाला मान काढून बघत होते.

३० ऑक्टोबर. हंपी

होसपेटहून हंपी बारा-तेरा किलोमीटर. मी पहिल्यांदा विरूपाक्षाच्या देवळातली ती जागा गाठली जिच्याबद्दल वर्षानुवर्षं वाचलं होतं. गाभाऱ्याच्या मागं एक अंधारी खोली, भिंतीत बारीक फट. पूर्वेचं राजगोपुर नऊ मजल्यांचं, पन्नासेक मीटर उंच. त्याची सावली फटीतून आत येते आणि समोरच्या भिंतीवर उलटी उमटते, कळस खाली, पाया वर. सूचिछिद्र प्रतिमाग्राहक! मी दरवर्षी बुटाच्या खोक्याला भोक पाडून मुलांना मेणबत्ती उलटी दाखवते. इथं खोक्याच्या जागी देऊळ. प्रकाश सरळ रेषेत जातो, वरचा खाली येतो, खालचा वर, इतकंच कारण. कारण माहीत असूनही माझ्या डोळ्यात पाणी आलं. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, भोक किती लहान आहे बघा.

३१ ऑक्टोबर

सकाळी सहा दहाला मोबाईल वाजला. पुढच्या कॅमेऱ्याचा इशारा. छातीत धस्स झालं. हे आंघोळीला गेलेले. मी पलंगावर बसून उघडलं.

आमच्या दारात काकू होत्या. हातात बादली. त्यांनी पायरीवर आणि अंगणात सडा घातला, नेहमीसारखा मनगटानं, अर्धगोलात. मग वाकायला त्रास होतो म्हणून पायरीवर बसल्या आणि ठिपके मांडायला लागल्या. पाच ते पाच. ती माझीच ठिपक्यांची रांगोळी होती, मी रोज काढते ती, कमळाची. शेवटची पाकळी झाल्यावर त्यांनी वर कॅमेऱ्याकडं बघितलं, रांगोळीचे हात पदराला पुसले आणि घरात गेल्या. मी त्यांना तुळशीला पाणी घाला एवढंच सांगितलं होतं. सेहेचाळीस सेकंद. मी ते परत परत बघितलं. हे आले तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल दिला.

नंतर राजवाड्याच्या आवारात गेलो, महानवमी दिब्बा म्हणतात त्या उंच दगडी चौथऱ्याजवळ. तिथं दगडाची दारं जमिनीवर आडवी पडलेली आहेत. एकाच शिळेतून कोरलेलं दार, आणि वर लाकडी दारासारखीच नक्षी, फळ्या, पट्ट्या, खिळ्यांच्या गोल डोक्यांसकट. ह्यांची सगळी हंपी तिथं थांबली. हे गुडघ्यावर बसले आणि वर-खाली काढलेले खुंट बघत राहिले, ज्यावर ते दार फिरायचं. "एवढं वजन खोबणीत फिरवायचं म्हणजे खाली किती घासत असेल," म्हणाले. "तेल घालत असतील का?" १५६५ ला तालिकोटची लढाई झाली आणि हे शहर लुटलं गेलं. ती दारं तेव्हापासून पडली आहेत की नंतर पडली, ते तिथं कुठं लिहिलेलं दिसलं नाही. हे म्हणाले, दाराला काही झालेलं नाही. चौकट गेलीय.

१ नोव्हेंबर, शनिवार. विठ्ठलाचं देऊळ

उद्या कार्तिकी. पंढरपूर भरलं असेल आणि आम्ही त्या देवळात उभे होतो जिथं विठ्ठल नाही. दगडी रथ बघितला, पन्नासच्या नोटेवर असतो तो. वाजणाऱ्या खांबांना आता हात लावू देत नाहीत, ते बरोबरच आहे. मग गाभारा. रिकामा. आपल्याकडं सांगतात की कृष्णदेवरायानं पंढरीची मूर्ती इथं आणली आणि पैठणचे भानुदास, एकनाथांचे पणजोबा, ती परत घेऊन गेले. मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट. अंधारात डोळे बसल्यावर रिकामं आसन दिसलं. आमच्या मागं सोलापूरकडचा एक जथा आला. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि आत बघून मोठ्यानं म्हणाले, "घरी हाय त्यो." सगळ्यांनी "पुंडलिक वरदा" केलं. आम्हीही.

संध्याकाळी तुंगभद्रेच्या काठावर बसलो. हे पाणी पुढं जाऊन कृष्णेला मिळतं, आपल्याच. आज दिवसभरात मी मोबाईल एकदाच उघडला, सकाळी सहाला, रांगोळीसाठी. आज शंखाची होती.

२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

सकाळी होसपेटला गाडी, दुपारी मिरज. रिक्षानं घरी. मागून आत गेलो, पुढची आगळ ओढली, दार उघडलं तर दारात विठ्ठलाची पावलं काढलेली. काकूंकडं साबुदाण्याची खिचडी तयार होती. त्यांच्यासाठी आणलेली इरकल साडी दिली. म्हणाल्या, "एवढी कशाला गं." आणि तिथंच घडी मोडून खांद्यावर लावून बघितली.

खर्च: सुतारकाम आणि सागवान ३,८००, आगळ ९००, बोल्ट-अल्ड्रॉप ४२०, दिवा ६००, दोन कॅमेरे ४,४००, टायमर ४५०. ग्रिलचा अंदाज ३२,००० होता, तो वाचला.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

आकाशकंदील उतरवला. घाटावर दिवे सोडून आलो.

रात्री जाग आली. घड्याळ बघितलं, एक वीस. परसाच्या बाजूनं 'कट्' असा आवाज, बारीक, लाकडाचा. यादीत नव्हता. मी उठले, दिवा न लावता मागच्या दाराशी गेले, कडी काढली, अल्ड्रॉप काढला, दार उघडलं. सेन्सरचा दिवा लागला. परसात चांदणं आणि मांजर. दार लावून चौकटीवरून हात फिरवला तर सांध्यापाशी नखाला काहीतरी लागलं. केसाएवढी फट. हवा कोरडी झालीय, नवं सागवान आकसायला लागलंय, जुनं आकसून झालेलं.

आवाज क्रमांक सतरा: सांधा. कारण लिहिलं आणि झोपले.

सकाळी ह्यांना दाखवली फट. म्हणाले, थंडी संपेपर्यंत सुकू दे त्याला, मग भुस्सा आणि फेविकॉल घालून भरतो.